एकशेवीस-ऐंशी

शाहीननं तिन्ही मशीनं काउंटरवर अशी आदळली की माझा चहा बशीत सांडला.

"काका, ही तिन्ही खोटं बोलतात."

सकाळचे साडेदहा झाले होते. मी नुकतंच शटर वर करून बसलो होतो. मिरजेच्या दवाखान्यांच्या गल्लीत तेव्हा माझं दुकान होतं, रक्तदाबाची मशीनं दुरुस्त करायचं. मागं आमचं घर, मध्ये एक पडदा. आजूबाजूच्या गावांतल्या डॉक्टरांची घड्याळी मशीनं, म्हणजे गोल डायल आणि काटा असलेली, सगळी माझ्या हाताखालून जायची. सुकुमार मगदूमनं पास केलेलं मशीन म्हणजे डोळे मिटून विश्वास ठेवावा, असं लोक म्हणायचे. खरं सांगायचं तर आधी मी म्हणायचो, मग लोकही म्हणायला लागले.

शाहीन मुल्लाला मी फ्रॉकमध्ये नाक पुसत फिरताना बघितलेलं. तिचे अब्बा दोन गल्ल्या सोडून सतारी करायचे. आता ती डॉक्टर झाली होती आणि खाडिलकर डॉक्टर थकल्यावर त्यांचाच दवाखाना तिनं चालवायला घेतला होता. काउंटरवर आदळलेली मशीनंही खाडिलकरांचीच. गेल्या दिवाळीत मी स्वतः पास करून दिलेली.

"बस तरी आधी," मी म्हटलं. "चहा घे. डॉक्टर झालीस म्हणून काय काकावर दरोडा घालतीस?"

ती बसली नाही. "कुरणे गुरुजी माहीत आहेत ना?"

"न असायला काय झालं? तुझे चौथीचे गुरुजी."

"गेल्या सोमवारी माझ्याकडं आले होते. डोकं जड वाटतंय म्हणाले. मी बीपी बघितलं, तुमच्या या मशीनवर. एकशे चव्वेचाळीस, चौऱ्याऐंशी. मी म्हटलं, गुरुजी, थोडं जास्त आहे, पण एकदा मोजून कुणाला बीपीचा पेशंट ठरवत नसतात. मीठ कमी करा, पुढच्या सोमवारी या, दोन-तीनदा बघू आणि मग गोळीचं ठरवू. बरोबर सांगितलं का नाही मी?"

"बरोबरच की."

"गुरुवारी त्यांची उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालंय. मला बघून काहीतरी बोलायला गेले, पण एक अक्षर कळलं नाही. मोठ्या दवाखान्यात नेलंय, तिथं मोजलं तर एकशे ब्याण्णव, एकशे बारा."

मला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त राग आला, हेही कबूल करायला हवं. "झटका आला की बीपी वाढतंच, पोरी. ते तू मला सांगायचं का मी तुला? त्यात माझ्या मशीनचा काय दोष?"

"मलाही आधी तसंच वाटलं." तिनं खांद्यावरच्या पिशवीतून एक लांबट करडा डबा काढला. झाकण उघडलं की काचेची नळी उभी राहते ते पाऱ्याचं मशीन, कोरं करकरीत. "हे परवा सांगलीहून आणलं. काल दिवसभर प्रत्येक पेशंटला दोन्ही मशीनं लावली. तुमची कमी दाखवतात. तिन्ही आणि प्रत्येक वेळी. चारातला एक हिस्सा खातात. काका, माझ्याकडं येणाऱ्या पोरींचं बीपी कायम नव्वदच्या आत असायचं. मला वाटायचं, जेवत नाहीत नीट. लिंबाचं सरबत प्यायला सांगत होते मी त्यांना!"

"कमी?" मी उभाच राहिलो. "अगं, दुरुस्तीला येतात तेव्हा मशीनं जास्त दाखवत असतात! गेल्या सात-आठ वर्षांत कमी दाखवणारं एक मशीन माझ्या दारात आलेलं नाही. तुम्ही डॉक्टर लोक फुगा दाबता, सायकलला हवा भरल्यासारखा. मग काटा उधळतो. मी त्याला जाग्यावर आणतो."

"कशावरनं आणता?"

"मास्टरवरनं."

"कुठं आहे मास्टर?"

आता मास्टर म्हणजे काय ते सांगतो. असल्या दुकानात पाऱ्याची एक खात्रीची नळी ठेवायची असते. दुरुस्त केलेलं मशीन आणि ती नळी एकाच फुग्याला जोडायची. दोघांचा आकडा जुळला तर मशीन पास. माझ्याकडं माझ्या गुरूंनी दिलेली तशी नळी होती. नव्वद साली घराच्या रंगकामात ती फुटली. पारा फरशीभर पळाला आणि मी आणि त्रिशला, म्हणजे माझी बायको, संध्याकाळपर्यंत पोस्टकार्डानं ते थेंब गोळा करत बसलो. नवी नळी मागवतो मागवतो म्हणत राहिलो आणि मग तिची गरजच वाटेना.

कारण त्रिशला होती. लग्न झाल्यापासून माझी एक पद्धत होती. नळीवर मशीन पास झालं की शेवटची खात्री म्हणून ते जिवंत हातावर लावून बघायचं, आणि तो हात त्रिशलाचा. तिचं कायम एकशेवीस-ऐंशी. थंडी असो, ऊन असो, अष्टमीचा उपास असो. एकदा खाडिलकर डॉक्टर दुकानात आले असताना त्यांनी स्वतः मोजलं आणि म्हणाले, "मगदूम, अगदी पुस्तकातलं बीपी आहे हो तुमच्या मंडळींचं!" सातवीत शाळा सुटलेल्या त्रिशलाला त्याचा केवढा अभिमान! पाहुण्यारावळ्यांत सांगायची, माझं बीपी पुस्तकात आहे म्हणून. नळी फुटली तेव्हा तीच म्हणाली, "एवढं काय तोंड पाडून बसलाय? मी आहे की."

तेव्हापासून आमच्या दुकानात मास्टर म्हणजे त्रिशला. मी पडद्याकडं तोंड करून हाक मारली, "त्रिशला, जरा हात दे गं!"

ती पदराला हात पुसत आली. आत उडदाच्या पापडांचं पीठ कुटायचं चाललं होतं, मनगटापर्यंत पांढरी झाली होती. कपाळावर सुंठीचा लेप लावलेला, वाळून त्याच्या खपल्या निघत होत्या. "अगंबाई, शाहीन! अब्बा कसे आहेत? किती वाळलीस गं!" असं बोलता बोलताच ती स्टुलावर बसली, बाही वर सारली आणि डावा हात काउंटरवर ठेवला. दिवसातून दोन-चारदा करायची गोष्ट, तिला सांगावं लागत नसे.

शाहीन तिच्या कपाळाकडं बघत होती. "काकू, डोकं दुखतंय?"

"सकाळी उठलं की दुखतं जरा, इथं मागं मानेच्या वर. दुपारपर्यंत जातं. उन्हाचं असेल."

"कधीपासून?"

"झालं की वर्ष-दीड वर्ष."

"बीपीचं काही नाही हं," मी मध्येच म्हणालो. "डॉक्टरांच्या बायकांचं बघत नसतील इतक्यांदा मी हिचं बघतो."

मी तिन्हींतलं एक मशीन उचललं, पट्टा बांधला, कानात नळ्या घातल्या आणि फुगा दाबला. हळूहळू हवा सोडली. पहिला ठोका एकशे अठ्ठेचाळीसला ऐकू आला. शेवटचा अठ्ठ्याऐंशीला.

मला एवढा आनंद झाला की मी काउंटरवर थापच मारली. "बघ! एकशे अठ्ठेचाळीस! अठ्ठावीस जास्त दाखवतंय. आणि तू म्हणतीस कमी. सहा महिन्यांत वाट लावलीस की गं मशीनची!"

शाहीन गोंधळली. "असं कसं होईल? काल तर..."

"काल-बिल सोड. अर्ध्या मिनिटात जाग्यावर आणतो." मी मशीनचं मागचं झाकण उघडलं. आत एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की काट्याची चाल कमी-जास्त होते. मी घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि टोक खाचेत बसवलं.

शाहीननं माझं मनगट धरलं.

"काका, काय करताय?"

"नीट करतोय."

"बिघडलंय हे कशावरनं?"

"कशावरनं म्हणजे? हिचं एकशेवीस असतं ना!"

माझं मनगट तिनं सोडलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचा राग बघता बघता उतरला आणि तिथं दुसरंच काहीतरी आलं. मला ते तेव्हा ओळखता आलं नाही. राग परवडला असता.

"स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा," ती हळू म्हणाली. मग त्रिशलाकडं वळून अगदी गोड आवाजात म्हणाली, "काकू, मी बघू का एकदा? पण असं कामातनं उठून लगेच नाही. या खुर्चीवर बसा. पाठ टेका. पाय खाली सरळ, एकावर एक नाही. लघवीला जाऊन यायचं आहे? चहा कधी झाला?"

"चहा सहालाच. पण एवढं काय गं? हे तर उभ्या उभ्याही बघतात माझं."

"पाच मिनिटं नुसतं बसायचं. बोलायचं नाही."

मी त्रिशलाला सव्वीस वर्षांत एकदाही पाच मिनिटं बसवलं नव्हतं. ती उलथनं हातात घेऊन यायची, मी आकडा बघायचो, ती परत जायची. आता ती मांडीवर पांढरे हात ठेवून गप्प बसली आणि माझ्याकडं बघून, ही पोरगी काय खेळ करतेय, अशा भुवया उडवल्या. मी पण हसलो. भिंतीवरचं घड्याळ मोठ्यानं वाजत होतं. माझ्या मनात एकच चाललं होतं, की शाहीनच्या नव्या मशीनमध्ये पारा जास्त भरलेला असणार आणि ते मी तिच्या तोंडावर सिद्ध करणार.

पाच मिनिटांनी शाहीननं त्रिशलाचा हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवला, खाली माझी रद्दी रचली आणि पट्टा बांधला. एकशेऐंशीपर्यंत फुगवलं, कान दिला, तिथंही ठोके चालूच असावेत, कारण तिनं लगेच सगळी हवा सोडून दिली. एक मिनिट थांबली. मग परत फुगवायला लागली. दोनशे. दोनशे वीस. पारा नळीत एवढा वर चढलेला मी कुणाच्या हातावर बघितला नव्हता. ती हवा सोडायला लागली. एकशे शहाण्णवला पारा जागच्या जागी हलला. ठोक्यागणिक हलत खाली येत होता. मी कानात काही घातलं नव्हतं तरी मला ते दिसत होतं.

शाहीननं दुसऱ्या हाताचं घेतलं. पुन्हा डाव्याचं घेतलं. प्रत्येक वेळी मध्ये एक-दोन मिनिटं जाऊ दिली. कागदावर लिहिलं आणि तो माझ्यापुढं सरकवला. एकशे शहाण्णव, एकशे सोळा. एकशे शहाण्णव, एकशे चौदा. एकशे चौऱ्याण्णव, एकशे सोळा.

"मशीन बिघडलंय तुझं," मी म्हणालो. माझाच आवाज मला बारीक वाटला. "नवीन मशीनमध्ये पारा जास्त असतो कधीकधी."

तिनं वाद घातला नाही. स्वतःच्या हाताला पट्टा बांधला आणि कानातल्या नळ्या माझ्या हातात दिल्या. "तुम्हीच बघा."

पाऱ्यावर तिचं एकशे बारा, बहात्तर आलं. मग माझं घड्याळी मशीन लावलं. चौऱ्याऐंशी, चोपन्न.

"चौऱ्याऐंशी असतं तर मी एवढी मशीनं उचलून तुमच्याशी भांडायला आले असते का, काका?"

माझ्या हातात ते उघडं मशीन होतं आणि झाकणाच्या आतल्या बाजूला माझंच अक्षर होतं. गुरूंनी लावलेली सवय. मशीन आलं तेव्हा काय दोष होता, ते साल टाकून पेन्सिलीनं आत लिहून ठेवायचं. पुढं कामाला येतं म्हणायचे. मी वाचलं.

'९१ – सहा जास्त. '९३ – आठ जास्त. '९५ – बारा जास्त. '९७ – दहा जास्त.

दुसऱ्या मशीनचं झाकण उघडलं. तिसऱ्याचं उघडलं. सगळीकडं जास्त, जास्त, जास्त. म्हातारं मशीन ढिलं पडतं, इकडं-तिकडं कुठंही जातं, हे मला धंद्यातल्या पोराइतकं तरी कळत होतं. मग गेली आठ वर्षं पंचक्रोशीतल्या सगळ्या मशीनना एकच रोग कसा झाला, असं मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. मी डॉक्टरांना नावं ठेवत बसलो. शाहीननं पहिल्या मशीनचं झाकण उचललं, त्या चार ओळी वाचल्या आणि दर खेपेला मी काटा किती खाली आणला, ते एकावर एक चढवत कागदावर आकडे मांडले.

"गेल्या दिवाळीत एकशेसाठ होतं," ती म्हणाली. "त्याच्या आधी एकशे सत्तेचाळीस. त्याच्या आधी एकशे चौतीस." कुणाचं, ते ती बोलली नाही.

ते बोलली त्रिशला. "म्हणजे माझं एकशेवीस नाही?"

तिनं हे एखाद्या लहान मुलीसारखं विचारलं. मी स्टुलावर बसलो. मला त्या सगळ्या सकाळी एकदम आठवल्या. "डोकं फार दुखतंय हो," असं ती म्हणायची आणि मी नवरा असून, कारागीर असून काय करायचो? आदल्याच दिवशी तिच्याच हातावर पास केलेलं मशीन उचलून तिला लावायचो. एकशेवीस-ऐंशी. ठणठणीत आहेस, मी म्हणायचो. ती सुंठ उगाळायला जायची. बीपी तिचं चढत होतं आणि मी स्क्रू पिळून पिळून ते खाली आणत होतो. मशीनमध्ये. तिच्या अंगात नाही.

"डोळ्यांपुढं काही येतं का काकू? ठिपके, अंधारी?" शाहीननं बॅगेतून बारीक दिव्याची नळी काढली होती.

"पापड लाटताना येतात ठिपके. मला वाटायचं मिरी आहे. नखानं काढायला जायची, तर हाताला काही लागायचं नाही." ती हसली आणि मग तिचं हसू थांबलं. "शाहीन, कुरणे गुरुजींना माझ्यामुळं झालं का गं?"

"नाही, काकू. तुमच्यामुळं नाही."

शाहीन तिच्या डोळ्यात दिवा धरून बघत होती. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

दोन्ही डोळे बघून झाल्यावर ती उभी राहिली. "एकदा मोजून ठरवत नाहीत, हे मीच मघाशी म्हटलं. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी बघायचं असतं. पण आकडा एवढा वर असला आणि डोळ्यातल्या नसांवर दिसायला लागलं की पुढच्या सोमवारची वाट बघायची नसते. काकू, साडी बदला. आत्ता ॲडमिट करायचं. लघवी तपासायची, रक्त तपासायचं, ईसीजी काढायचा."

"पीठ भिजवलंय गं."

"त्रिशला," मी ओरडलो, "खड्ड्यात गेलं ते पीठ!" तिच्यावर मी सहसा ओरडत नसे. ती निमूट आत गेली.

गल्लीच्या टोकालाच एक खाजगी हॉस्पिटल होतं, वीसेक खाटांचं. रिक्षात त्या दोघी मागं, मी पुढं ड्रायव्हरशेजारी. त्रिशला सारखी विचारत होती, दुकानाला कुलूप लावलं का, दुधाचं पातेलं झाकलं का. मी हूं-हूं करत होतो. प्रत्येक दवाखान्याची पाटी मागं जाताना मी मोजत होतो. याचं मशीन मी पास केलंय. याचंही. याची दोन.

ईसीजी काढला. लघवीत प्रथिन जातंय म्हणाले, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आलाय. तिथल्या डॉक्टरांनी शाहीनच्या कागदावरचे आकडे धरून गोळी दिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "घाबरू नका, पण आणखी दोन-तीन महिने असंच गेलं असतं तर सांगता आलं नसतं. एकदम खाली आणायचं नसतं, हळूहळू आणू. चार वाजता परत मोजतील. दीडशेच्या वर असलं तर दुसरी गोळी." ते ऑपरेशनला गेले. शाहीन म्हणाली, "मी गुरुजींकडं जाऊन येते. मोठ्या दवाखान्यातच आहेत, दहा मिनिटांच्या वाटेवर." पाऱ्याच्या मशीनची पिशवी खांद्याला अडकवून ती दारात थांबली आणि म्हणाली, "काका, उद्यापासनं बसू. ज्याला ज्याला मशीन दिलंय, त्याची यादी करू." मी मान हलवली. उद्यापासनं. मला वाटलं, उद्यापर्यंत वेळ आहे.

त्रिशला खाटेवर डोळे मिटून पडली होती. डोक्याचं दुखणं उतरलंय म्हणाली. "एवढी वर्षं सगळ्यांना सांगत सुटले," ती म्हणाली, "माझं पुस्तकातलं बीपी. हसतील आता."

"माझ्यावर हसतील. तुझ्यावर कशाला हसतील?"

"तुम्ही काय मुद्दाम केलंत?" तिनं माझा हात चापटला. मला तेही सहन होईना.

चार वाजता सिस्टर आली. विशीतली, चुणचुणीत पोरगी, हातात तक्ता आणि मशीन. "हात द्या काकू." त्रिशलानं सवयीनं दिला. पट्टा बांधला, फुगा दाबला, कान दिला. मी काट्याकडं बघितलं नाही. तिच्या तोंडाकडं बघत होतो.

सिस्टरचा चेहरा खुलला. "अहो, कशाला रडवेले झालाय दोघं? एकशेवीस-ऐंशी. अगदी पुस्तकातलं!"

त्रिशलानं डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात बघितलं होतं. खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं. उतरलं एकदाचं. गोळी लागू पडली. शाहीनला सांगू.

सिस्टर तक्त्यावर लिहायला वाकली. "दुसऱ्या गोळीची काही गरज नाही आता. छान झोप काढा." तिनं मशीन खाटेवर पालथं ठेवलं.

त्याच्या पाठीवर निळं लेबल होतं. 'मगदूम, मिरज. पास.' खाली माझी सही.

मी हात पुढं करून सिस्टरच्या पेनावरच हात ठेवला.

"अहो काका! काय हे?"

"ते लिहू नका."

"का? नॉर्मल आहे की."

"ते मशीन माझं आहे."

तिला काही कळलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्रिशलाकडं बघितलं. "मग किती लिहू?" तिनं विचारलं.

सव्वीस वर्षं मला हा प्रश्न लोक विचारत होते आणि मी ठासून उत्तर देत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी म्हणालो, "मला माहीत नाही."

त्रिशला उठून बसली. लेबल तिनंही बघितलं होतं. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, पण ती रडली नाही. तिनं स्वतःच दंडावरचा पट्टा सोडला, घडी केली आणि मशीनसकट माझ्या हातात दिला.

"सिस्टर, काहीच लिहू नका," ती म्हणाली. "अहो, तुम्ही पळा. शाहीनला गाठा आणि पारा घेऊन या. मी अशीच बसून राहते. पाय खाली सरळ आहेत, बघा. बोलत पण नाही."

मी पळालो. पन्नाशीचा माणूस, एका हातात ते मशीन, भर गल्लीतनं पळत होतो आणि ओळखीचे डॉक्टर दारातनं विचारत होते, "काय मगदूम, काय झालं?" मी प्रत्येकाला ओरडून सांगत होतो, "माझं मशीन वापरू नका! आज कुणाचं बघू नका माझ्यावर!" त्यांना वाटलं, मला वेड लागलं.

पाऱ्यावर तेव्हा एकशेसाठ, एकशे सहा निघालं. दुसरी गोळी दिली.

पुढच्या महिनाभरात मी आणि शाहीन गावोगाव फिरून त्रेपन्न मशीनं गोळा केली. चारांचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. कुरणे गुरुजी काठीवर चालायला लागले, पण बोलणं पुरतं आलं नाही. मी दर रविवारी जायचो. दोष कुणाचा ते त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं माझा हात धरून ठेवला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्रिशला आता सत्तरीच्या पुढं आहे. गोळी एक दिवस चुकवत नाही आणि पापड फक्त पाहुण्यांना तळते. रोज सकाळी चहाच्या आधी ती खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसते. पाऱ्याचं मशीन मी तिच्या बाजूला वळवून ठेवतो, कानातल्या नळ्याही तीच घालते. मी फुगा दाबतो, आकडा ती वाचते.